सातवीतल्या पोरीला टॅब पाचवीचं गणित देतो आणि बाप माझ्यावर चिडतो, काय करू?

बालाघाट | १८ ऑगस्ट, रात्री ९:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, आज लिहितेय कारण डोक्याचा नुसता भुगा झालाय.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. पहिली ते सातवी, शिक्षक तिघं, म्हणजे एका खोलीत दोन-तीन वर्ग घेऊन बसणं हे रोजचंच. जून अखेरीस एका कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकार्याच्या निधीतून) आम्हाला आठ टॅब मिळाले, त्यात गणिताचं एक ॲप आहे, ते मुलाला काय येतं ते ओळखून त्याप्रमाणे पुढचं गणित देतं, म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या दोघांना वेगवेगळं. रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते म्हणून मी रोज संध्याकाळी आठही टॅब पिशवीत घालून टाकीपाशी नेते, तिथे सगळं वर चढलं की घरी.

आता भानगड अशी झाली की माझ्या शाळेत एक सातवीतली मुलगी आहे, इथे तिला सोनी म्हणते, तिला हे ॲप गेले तीन आठवडे पाचवीचंच देतंय. वर मोठ्या अक्षरात ‘इयत्ता ५’ असं लिहून येतं. ते तिच्या चुलतभावाने बघितलं, घरी सांगितलं, आणि परवा वडील थेट शाळेत. म्हणाले, बाई, पोरगी पास होत आली ना दरसाल, मग दोन वर्षं मागं का ढकलली? मी समजावलं पण मलाच नीट कळत नव्हतं तर त्यांना काय सांगणार. पोरगी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. कालपासून टॅबला हात लावत नाहीये.

ॲप चुकतंय का? की मी चुकतेय? बंद करू का तिच्यापुरतं?

----

पेठेतला | १८ ऑगस्ट, रात्री ११:१५

बालाघाट ताई, बंद नका करू, निदान लगेच नको. मी अशाच एका प्रकारच्या सॉफ्टवेअरवर सहा वर्षं काम करतोय (तुमचं ॲप आमचं नाही) म्हणून आत काय चालतं ते सांगतो.

बहुतेक अशा ॲप्सच्या पोटात एक जुनी युक्ती असते, १९९५ साली कॉर्बेट आणि अँडरसन या कार्नेगी मेलनच्या दोघांनी मांडलेली. प्रत्येक छोट्या कौशल्यासाठी चार आकडे धरायचे. मुलाला हे आधीपासून येत असण्याची शक्यता किती, एकदा सराव केल्यावर येऊ लागण्याची किती, येत नसताना अंदाजपंचे बरोबर यायची किती, आणि येत असूनही चुकायची किती. चार पर्यायांचा प्रश्न असेल तर अंदाजाने बरोबर यायची शक्यता साधारण पंचवीस टक्के, म्हणून एक उत्तर बरोबर आलं की ॲप लगेच खूश होत नाही आणि एक चुकलं की लगेच मागेही टाकत नाही. प्रत्येक उत्तरानंतर ते अंदाज बदलतं आणि तो ठरावीक रेषेच्या वर गेला, त्या दोघांनी ही रेषा ९५ टक्क्यांवर धरली होती, की पुढचं कौशल्य.

म्हणजे ‘इयत्ता ५’ हा पोरीबद्दलचा निकाल नाही. एखाद्या कौशल्यात ती अडकलीय आणि ते कौशल्य पुस्तकात पाचवीत येतं, एवढाच त्याचा अर्थ. शिक्षकाच्या लॉगिनमध्ये घटकवार रिपोर्ट असतो, तो उघडा आणि कुठे हिरवं, कुठे लाल ते इथे लिहा. सगळंच लाल असेल तर गोष्ट वेगळी.

----

खडूफळा | १९ ऑगस्ट, सकाळी ७:०५

मी नाशिकला माध्यमिकला आहे, बावीस वर्षं झाली. पेठेतला यांचं गणित बरोबर असेल पण मला मनापासून वाटतं की आपण एक मोठी गोष्ट हातची घालवतोय. एका मुलाने फळ्यावर चूक केली की बाकीच्या पस्तीस जणांना ती चूक दिसते, त्यावर बोलणं होतं, कोणीतरी म्हणतं सर मी पण असंच करतो. टॅबवर प्रत्येकाची चूक त्याच्यापुरती राहते. अमेरिकेत कॅन्ससमध्ये काही शाळांनी दिवसाचा बराच भाग असा स्क्रीनवर आणला तेव्हा मुलांनीच वर्गाबाहेर पडून निषेध केला होता, डोकं दुखतं, हात दुखतो, एकटं वाटतं म्हणून. पोरीने टॅब बाजूला ठेवला असेल तर तिचं ऐका, हेच माझं सांगणं.

----

दूरदेशी | १९ ऑगस्ट, सकाळी ८:३०

न्यू जर्सीहून. ताई, मला त्या वडिलांचं फार कळतंय. माझ्या लेकाने यंदा एसएटी दिली, इथली कॉलेज प्रवेशाची परीक्षा. ती आता कॉम्प्युटरवर असते, प्रत्येक विषयाची दोन मॉड्यूल म्हणजे दोन भाग, आणि पहिलं कसं सोडवलं त्यावर दुसरं अवघड येणार की सोपं ते ठरतं. हा बाहेर आला तो रडवेला, का तर म्हणे दुसरं मॉड्यूल सोपं वाटलं, म्हणजे पहिल्यात मी माती खाल्ली. मार्क यायच्या आधीच मशीनने त्याला जागा दाखवून दिली असं त्याला वाटलं. सोळा वर्षांच्या मुलाचं हे, तुमची सोनी तर बारा-तेराची.

याच्या शाळेत गणिताला एक ॲप होतं त्यात इयत्ता दिसतच नसे. एक गोल चक्र, त्याच्या रंगीत फाका, जेवढं येतं तेवढी फाक भरलेली. तुमच्या ॲपमध्ये इयत्ता लपवायची सेटिंग आहे का बघा. ‘इयत्ता ५’ ऐवजी ‘दशांश अपूर्णांक’ असं नाव दिसलं असतं तर बाप शाळेत आला नसता.

अजून एक, मुलगा हिंट-हिंट दाबत उत्तर काढतो का यावर लक्ष ठेवा. आमच्याकडे महिनाभर हेच चाललं होतं.

----

पेठेतला | १९ ऑगस्ट, सकाळी ९:१०

दूरदेशी +१. हिंटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, रायन बेकर नावाच्या संशोधकाने २००४ पासून याच्यावर काम केलंय, मुलं शिकायचं सोडून सिस्टिमलाच कशी खेळवतात त्यावर. तीन सेकंदांत उत्तर आलं तर ते उत्तर मोजूच नये अशी सोय आम्ही केली होती, तरी पोरं चौथ्या सेकंदाला दाबायला शिकली.

----

बालाघाट | १९ ऑगस्ट, रात्री ८:४०

सगळ्यांचे आभार. इयत्ता लपवायची सोय आहे, सापडली, बंद केली. आणि रिपोर्ट पण उघडला, आत्तापर्यंत मी फक्त पहिलं पान बघत होते.

सोनीचं असं आहे: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार सगळं हिरवं. व्यवहारी अपूर्णांक, त्यांची बेरीज-वजाबाकी, हिरवं. कोन हिरवं. पूर्णांक संख्या (सहावीचं) हिरवं! मग दशांश अपूर्णांक लाल. परिमिती-क्षेत्रफळ लाल. गुणोत्तर-प्रमाण लाल. शेकडेवारी लाल. समीकरणं लाल.

मला याचा काही मेळ लागत नाहीये. सहावीचं येतं आणि पाचवीचं येत नाही असं कसं?

----

आजोळ | १९ ऑगस्ट, रात्री १०:२०

बाई, मी निवृत्त केंद्रप्रमुख. पुस्तक काढा आणि तुमची लाल यादी अनुक्रमणिकेशी लावून बघा. दशांश अपूर्णांक, परिमिती-क्षेत्रफळ हे पाचवीच्या दुसऱ्या सत्रातले. समीकरणं, गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी हे सहावीच्या दुसऱ्या सत्रातले. हिरवे सगळे पहिल्या सत्रातले.

पोरगी ऊसतोडीची आहे का?

----

बालाघाट | १९ ऑगस्ट, रात्री १०:४१

सर, अंगावर काटा आला.

हो. दिवाळी झाली की जातात, कधी कर्नाटकात, कधी सांगली-कोल्हापूरकडे. मार्च-एप्रिलला परत. धाकट्या भावाला सांभाळायला तिलाच नेतात. मी या शाळेवर तीनच वर्षं आहे आणि तिन्ही वर्षं ती दुसऱ्या सत्रात नव्हती हे मला माहीत होतं, हजेरी मीच लावते. पण तिला मी मनात ‘गणितात कच्ची’ असंच धरून बसले होते. ती कच्ची नाहीच. जेवढं तिच्यासमोर शिकवलं तेवढं सगळं तिला येतंय.

----

खडूफळा | २० ऑगस्ट, सकाळी ६:५०

आजोळ सर, दंडवत. माझ्या कालच्या प्रतिसादात मी घाई केली. हे माझ्या फळ्यावर दिसलं नसतं. एकटेपणाचा मुद्दा मात्र मी सोडत नाही, त्यावर पुढे लिहितो.

----

आजोळ | २० ऑगस्ट, सकाळी ९:३५

दंडवत कसला हो, चाळीस वर्षं शाळा बघितल्या की काही गोष्टी आपोआप दिसतात. थोडं लांबतंय पण लिहितो.

मुलाला तो आहे तिथून पुढे न्यायचं ही कल्पना टॅबबरोबर आलेली नाही. आंध्रात ऋषी व्हॅलीने पायऱ्या-पायऱ्यांची कार्डं केली, मूल एक कार्ड संपवून स्वतः पुढचं उचलतं, मग तमिळनाडूने तीच पद्धत सरकारी शाळांत नेली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे शाळांचा गट) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जे उभं केलं ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जायचे, मीही गेलोय. फरशीवर आखलेली तळी, काड्यांचे गठ्ठे, खडे, आणि प्रत्येक पोर वेगळं काहीतरी करतंय. प्रथम संस्था मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झाली, त्यांनीही पुढे हेच धरलं की इयत्ता बाजूला ठेवा, पोराला वाचता येतं किती ते बघून गट करा. मुलांना काय येतं ते तपासणाऱ्या त्यांच्याच असर अहवालात २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्केच मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला होता. म्हणजे वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांसाठी पाचवीचं पुस्तक हे पाचवीचं नाहीच.

अडचण कायम एकच होती, नोंदी. तीस पोरं, प्रत्येकाच्या शे-दीडशे पायऱ्या, मास्तर रात्री बसून रजिस्टर भरणार कधी? ते काम यंत्राने उचललं तर मी यंत्राच्या बाजूने आहे. पण कागदावर एकदा पडताळून बघा. सोनीला वही-पेन्सिल देऊन दशांशाची पाच उदाहरणं घाला आणि ती करताना नुसतं बघत बसा, बोलू नका.

----

वकीलीण | २० ऑगस्ट, दुपारी १:१५

थोडं अवांतर पण गरजेचं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय, पालकांच्या संमतीची आणि मुलांवर पाळत न ठेवण्याची कलमं त्यात आहेत, शाळांना काही सवलती आहेत. ताई, टॅब देणाऱ्या संस्थेला लेखी विचारा की मुलांची नावं आणि उत्तरं कुठे साठवतात आणि किती दिवस ठेवतात. लॉगिनला खरं नाव न घालता हजेरी क्रमांक घाला, आजच बदला.

----

बालाघाट | २० ऑगस्ट, रात्री ९:३०

वकीलीण ताई, बदलले, सगळे क्रमांक केले. आठवीत जाणारी मुलं निघून जातील तेव्हा काय, हेही विचारलंय पत्रात.

आजोळ सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. शाळा सुटल्यावर सोनीला थांबवलं, दोन चिठ्ठ्या ठेवल्या, ०.३५ आणि ०.५, मोठी कुठली? तिने ०.३५ उचलली. का गं? तर म्हणाली पस्तीस पाचापेक्षा मोठे ना बाई. मग ०.४ आणि ०.१२५, तिने ०.१२५ उचलली. प्रत्येक वेळी त्याच नियमाने. म्हणजे तिच्या डोक्यात एक पक्का नियम आहे, आणि तिला तो चुकीचा आहे असं सांगायला कोणी समोरच नव्हतं, कारण तो धडा झाला तेव्हा ती उसाच्या फडात होती.

ॲप काय करत होतं? चूक म्हणून लाल फुली, मग तसंच दुसरं उदाहरण, पुन्हा फुली. तीन आठवडे. तिला अडकलेली जागा त्याने बरोबर शोधली, पण ती का अडकली ते त्याने एकदाही विचारलं नाही.

----

पेठेतला | २० ऑगस्ट, रात्री १०:५५

ताई, तुमची शेवटची दोन वाक्यं मी उद्या आमच्या टीमला वाचून दाखवणार आहे.

चांगली सॉफ्टवेअर चुकीच्या उत्तरांचीही वर्गवारी करतात. १९७८ सालीच ब्राउन आणि बर्टन यांनी वजाबाकीच्या चुकांवर असं काम केलं होतं. ५०३ वजा २७८ ला एखादा मुलगा ३७५ लिहितो ते ‘लक्ष नाही’ म्हणून नव्हे, तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतोय, हातचा घेतच नाही. उत्तरावरून नियम ओळखता येतो. पण त्यासाठी प्रत्येक प्रश्नाचे चुकीचे पर्याय विचार करून लिहावे लागतात, ते काम शिक्षकांचं आहे आणि त्याला वेळ-पैसा लागतो, म्हणून बरेच जण ते टाळतात.

दिल्लीतला एक अभ्यास तुम्हाला उपयोगी पडेल. मुरलीधरन, सिंग आणि गानिमियान यांनी केला, २०१९ मध्ये छापून आला. ६१९ मुलं, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना माइंडस्पार्क नावाच्या ॲपच्या केंद्रात प्रवेश, आठवड्याचे सहा दिवस, रोज दीड तास. आता हे बघा, त्यातला अर्धाच वेळ कॉम्प्युटरवर होता, उरलेला पाऊण तास बारा-पंधरा मुलांच्या गटात एक ताई किंवा दादा समोर. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत दोन्हीकडे स्पष्ट फरक पडला. ज्यांना केंद्र मिळालं नाही त्यांच्यातली सगळ्यात कच्ची एक-तृतीयांश मुलं तेवढ्या काळात नुसत्या शाळेत जाऊन जवळपास काहीच पुढे सरकली नव्हती, ते वाचून मला त्या रात्री झोप नाही आली.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. त्या मुलांच्या शाळेच्या गणिताच्या पेपरात ठळक फरक दिसला नाही, कारण पेपर सातवीचा आणि मूल शिकत होतं पाचवीचं. तुमच्या घटक चाचणीतही लगेच दिसणार नाही. वडिलांना हे आत्ताच सांगून ठेवा.

----

खडूफळा | २१ ऑगस्ट, सकाळी ७:२०

अर्धा वेळ माणूस समोर, बघा! मी हेच म्हणत होतो. ताई, ०.३५ आणि ०.५ च्या चिठ्ठ्या सगळ्या वर्गासमोर ठेवा, सोनीचं नाव न घेता. माझ्या अनुभवात नववीतसुद्धा सात-आठ हात चुकीच्या चिठ्ठीकडे जातात. तिला कळू दे की ती एकटी नाही.

अजून एक, या ॲपचं मराठी कसं आहे? आमच्याकडे एक आलं होतं त्यात वजाबाकीला ‘घटाव’ आणि अपूर्णांकाला ‘भिन्न’ लिहिलेलं. पोरं विचारायची, सर, भिन्न म्हणजे वेगळं ना, मग कशापासून वेगळं?

----

बालाघाट | २१ ऑगस्ट, रात्री ९:०५

सर, अगदी हेच! आमच्यातही हातच्याला ‘हासिल’ आहे. आणि संख्या बोलून दाखवतं त्यात ‘एकोणसाठ’ ऐकलं की तिसरीची मुलं ६९ लिहितात, साठ ऐकू आलं ना. ॲप त्यांना ‘संख्यालेखन कच्चं’ म्हणून मागे टाकतं. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण अडचण खरी आहे हे वर्गात रोज दिसतं. हिंदीवरून उचललेल्या ॲपला यातलं काही माहीत नसतं. मी वहीत यादी करतेय, पन्नास शब्द झाले की पाठवणार त्यांना.

चिठ्ठ्यांचं उद्याच करते.

----

रात्रपाळी | २३ ऑगस्ट, पहाटे ४:१०

चाकणला कंपनीत आहे, ब्रेकमध्ये धागा पूर्ण वाचला. मी स्वतः ऊसतोडीच्या घरातला, आठवीत शाळा सुटली, मग पंचविसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून सुरुवात केली, नाशिकचं. आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि वर एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) बारा आठवड्यांचा कोर्सपण केला, दर आठवड्याला असाइनमेंट, बारातल्या चांगल्या आठ धरतात, शेवटी सेंटरवर जाऊन परीक्षा. जे पास झालं ते क्रेडिट खात्यात जमा राहतं, सात वर्षं. मध्ये बाळंतपण, आजारपण, काही आलं तरी जमा झालेलं जात नाही. मला पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं की तुझं झालेलं तुझंच आहे, तेव्हा फार बरं वाटलं होतं.

सोनीला हे पाचवीत का नाही? कॉलेजच्या पोराला क्रेडिट बँक आणि फडावरच्या पोरीला दरसाल पहिल्यापासून. तिचा जो हिरवा-लाल तक्ता आहे ना ताई, तो तिच्याबरोबर कारखान्यावर गेला पाहिजे.

----

आजोळ | २३ ऑगस्ट, सकाळी १०:००

रात्रपाळी, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला बाळा.

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहेच, मूल दुसऱ्या गावी गेलं की तिथल्या शाळेने त्यावर त्याला दाखल करून घ्यायचं. मी स्वतः शेकडो भरलीत. पण घटकवार माहिती आपण भरत नव्हतो, ‘साधारण’, ‘बरा’ असं लिहून मोकळे. बाई, तुमच्या रिपोर्टवरून कार्डाला एक पान जोडा. पुढच्या मास्तरला दोन मिनिटांत कळेल कुठून सुरू करायचं.

----

बालाघाट | २६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

धागा वर काढतेय, दोन महिने लिहायला झालं नाही.

चिठ्ठ्यांच्या दिवशी पाचवी ते सातवीच्या तेवीस मुलांपैकी चौदा हात ०.३५ कडे गेले. सोनीने मागे वळून सगळे हात मोजले.

टॅब आता आठवड्यात चार दिवस, प्रत्येकी वीस मिनिटं, आणि त्यानंतर ज्या चार-पाच जणांचं एकच घर लाल आहे त्यांना घेऊन मी जमिनीवर बसते. सोनीचं दशांश हिरवं झालं, परिमिती झालं, गुणोत्तर चालू आहे. पेठेतला म्हणाले तसंच, घटक चाचणीत काही फार फरक नाही.

वडिलांना बोलावलं होतं. मी काही समजावलं नाही, वजनकाट्याच्या पावत्या असतील तर घेऊन या म्हटलं. त्यांनी गेल्या हंगामातल्या पिशवीभर आणल्या. दोन वेगळ्या काढल्या, २.३५ टन आणि २.५ टन, आणि सोनीला विचारलं कुठली गाडी जास्त भरली. तिने अडीचची दाखवली आणि वडिलांना सांगितलं, पाचापुढे शून्य आहे असं समजा दादा, मग पन्नास आणि पस्तीस. मग टनाला ३६६ रुपयांनी दोन्हींचे पैसे काढले, ८६० रुपये १० पैसे आणि ९१५. ते पावती हातात धरून बराच वेळ बसले. म्हणाले, मुकादम वाचून दाखवतो तेवढंच आम्हाला माहीत. मग म्हणाले, हे पाचवीचं आहे? मी म्हटलं हो. म्हणाले, मग शिकवा.

पण नेणार आहेतच. पुढच्या आठवड्यात टोळी निघतेय, उचल घेतलेली आहे, इलाज नाही. आईबाप गेले तरी मुलं मागे राहावीत म्हणून गावात हंगामी वसतिगृह होतं का यासाठी मी फिरले, यंदा जमलं नाही. टॅब शाळेबाहेर द्यायची परवानगी नाही. म्हणून अकरा मुलांची हमी कार्डं भरलीत, प्रत्येकाला घटकांचं पान जोडलंय, मागच्या बाजूला मी हाताने लिहिलंय की हे मूल कुठे अडतं आणि का. सोनीच्या पानावर पुढची चाळीस उदाहरणंही लिहून दिलीत, पायरीपायरीने.

आता मदत हवीय. अकरापैकी सात मुलं सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या दोन कारखान्यांवर जाणार आहेत. त्या बाजूला कोणी शिक्षक आहे का इथे? किंवा साखरशाळेशी (कारखान्यावरच्या ऊसतोड मुलांच्या शाळेशी) ओळख असलेलं कोणी?

----

दूरदेशी | २६ ऑक्टोबर, रात्री ११:०२

माझा मावसभाऊ वाळव्याकडे शिक्षक आहे, आत्ताच फोन करते.

----

गोडवा | २६ ऑक्टोबर, रात्री ११:३८

ताई, मी शिरोळ तालुक्यात जि. प. शाळेवर आहे, शाळेपासून फडाच्या खोपटी दीड किलोमीटरवर पडतात, गेल्या वर्षी सहा मुलं आणली होती. या धाग्यावर आजच सदस्यत्व घेतलं. दोन्ही कारखान्यांची नावं, टोळी मुकादमाचा नंबर आणि मुलांच्या पानांचे फोटो मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पाडव्यानंतर खोपटी पडल्या की मी स्वतः जाऊन सोनीला बघून येते.